जंगल सांभाळायला शिकायचं म्हणजे नक्की काय शिकायचं?

जगातल्या बऱ्याच विद्यापीठांत एक पदवी असते, जिच्या नावातच दोन विषय शेजारी शेजारी बसलेले असतात: फॉरेस्ट्री आणि आउटडोअर रिक्रिएशन मॅनेजमेंट. मराठीत सांगायचं तर वनशास्त्र, आणि निसर्गात फिरायला येणाऱ्या माणसांसाठी करायची व्यवस्था. नाव ऐकलं की कुणाला झाडं लावणं आठवतं, कुणाला डोंगरात हिंडायला मिळणारी नोकरी. दोन्हींत तथ्य आहे, पण अभ्यासाचा गाभा वेगळा आहे. एकाच जमिनीकडून लाकूड हवं असतं, पाणी हवं असतं, पशुपक्ष्यांना आसरा हवा असतो आणि माणसांना चार घटका मोकळं फिरायचंही असतं. या मागण्या एकमेकींच्या आड येतात. कुठे काय होऊ द्यायचं, किती आणि कधी, हे कुणाला तरी ठरवावं लागतं. ते ठरवण्याची कुवत या पदवीतून यावी अशी अपेक्षा असते.

लाकडाचा आणि भटकंतीचा एकत्र संसार का मांडला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१७१३ साली जर्मनीतल्या सॅक्सनीत हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या खाणखात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जंगलावर एक ग्रंथ लिहिला. चांदी वितळवण्याच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना, म्हणून त्याला जंगलाचा विचार करावा लागला. जेवढं वाढतं तेवढंच तोडावं, ही शिस्त त्याने मांडली, आणि आजचं सगळं वनशास्त्र त्या पायावर उभं आहे. सॅक्सनीतच थारांट गावी हाइनरिश कोट्टाने १८११ मध्ये वनविद्येची शाळा आणली, १८२४ मध्ये फ्रान्सच्या नान्सीत दुसरी निघाली, १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा झाली. अमेरिकेचा गिफर्ड पिंशो नान्सीत शिकला आणि ब्रिटिश हिंदुस्थानात वनखात्याची घडी बसवणाऱ्या डिट्रिश ब्रँडिसचं मार्गदर्शन घेऊन मायदेशी परतला. पुढे त्याच्या कुटुंबाच्या देणगीतून १९०० साली येल विद्यापीठात वनविद्येचं विद्यालय सुरू झालं. या सगळ्या शाळांत मुख्य प्रश्न एकच होता: लाकूड न संपवता लाकूड कसं काढायचं.

माणसं या चित्रात उशिरा आली. १९१९ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेने आर्थर कारहार्ट या तरुण लँडस्केप आर्किटेक्टला कोलोरॅडोतल्या ट्रॅपर्स लेकवर पाठवलं. तळ्याकाठी उन्हाळी बंगल्यांसाठी भूखंड आखायचे आणि भोवती रस्ता काढायचा, एवढंच काम होतं. त्याने मोजणी केली, आणि वरिष्ठांना कळवलं की इथे काहीही बांधू नये, काठ सगळ्यांसाठी मोकळा राहावा. शिफारस मान्य झाली. एका सरकारी सर्वेक्षकाने ‘न बांधणं’ हीसुद्धा आखणीच मानली, ही गोष्ट मला या विद्याशाखेच्या इतिहासात फार मोलाची वाटते. पुढे १९६० साली अमेरिकेत झालेल्या कायद्याने राष्ट्रीय वनांचे पाच उद्देश लिहून ठेवले: निसर्गातलं मनोरंजन, चराई, लाकूड, पाणलोट, आणि वन्यजीव व मासे. या पाचांतला एकच विषय शिकलेला माणूस आता पुरणार नव्हता. विद्यापीठांनी अभ्यासक्रम जोडले ते या गरजेतून.

मोजल्याशिवाय बोलायचं नाही

पहिल्या वर्षी वनस्पतिशास्त्र, मातीशास्त्र, रसायनशास्त्र, थोडं अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र असतं. झाडं ओळखायचा विषय मुलांना सगळ्यांत आवडतो आणि छळतोही तोच, कारण पान बघून नाव सांगण्याचे दिवस लवकर संपतात. पानगळ झाली की नुसत्या काडीवरून झाड ओळखायचं असतं. कळ्या समोरासमोर आहेत की एकाआड एक, गळालेल्या पानाने मागे ठेवलेला व्रण कसा आहे, काडी मोडली तर वास कसला येतो, हे सगळं पाहायला शिकवतात.

त्यानंतर येतं वनमापन. ऐकायला रुक्ष, पण मला विचाराल तर या शिक्षणाचा कणा. झाडाची जाडी छातीच्या उंचीवर मोजतात. बहुतेक देशांत ही उंची १.३ मीटर धरतात, अमेरिकेत साडेचार फूट, म्हणजे १.३७ मीटर. झाड उतारावर असेल तर उंची वरच्या बाजूच्या जमिनीपासून घ्यायची. वनमापनाची टेप वेगळी असते: तिच्यावरच्या खुणा दर ३.१४ सेंटिमीटरला असतात, त्यामुळे खोडाभोवती गुंडाळली की घेराऐवजी थेट व्यास वाचता येतो. घेर ९४ सेंटिमीटर असेल तर टेप ३० दाखवते. आता ३० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाचा आडवा छेद काढून पाहा. दुसऱ्याचं क्षेत्रफळ दुप्पट भरत नाही, चौपट भरतं. जंगलातली मोजकी जाड झाडं तोडली तर ‘थोडीच तर तोडली’ असं का म्हणता येत नाही, ते या हिशोबात कळतं.

उंचीसाठी कोन मोजणारं छोटं उपकरण असतं. सपाट जमिनीवर झाडापासून २० मीटर लांब उभं राहून शेंडा ४५ अंशांवर दिसला तर झाडाची उंची २० मीटर, अधिक आपल्या डोळ्याची उंची. वय आणि वाढ पाहायची असेल तर पोकळ गिरमिटाने खोडाच्या गाभ्यापर्यंत पेन्सिलीहून बारीक लाकडाची कांडी काढतात आणि त्यावरची वर्षवलयं मोजतात. दुष्काळाची वर्षं दाटीवाटीने बसलेल्या अरुंद वलयांत दिसतात.

पण या विषयातली सगळ्यांत देखणी युक्ती ऑस्ट्रियाच्या वाल्टर बिटरलिशची. ती त्याने १९४८ मध्ये मांडली. समजा, एका हेक्टरवरच्या सगळ्या खोडांच्या छेदांचं एकूण क्षेत्रफळ हवंय. म्हणजे ती सगळी झाडं छातीच्या उंचीवर कापली तर वरून किती चौरस मीटर लाकूड दिसेल? त्यासाठी प्रत्येक झाडाला टेप लावायची गरज नाही. एका जागी उभं राहायचं. डोळ्यापासून एक मीटरवर दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी धरायची आणि स्वतःभोवती पूर्ण गिरकी घ्यायची. जे खोड पट्टीपेक्षा रुंद दिसेल ते मोजायचं, अरुंद दिसेल ते सोडायचं. मोजलेली झाडं २४ भरली तर हेक्टरी २४ चौरस मीटर. झालं.

हे कसं शक्य आहे? अशा पट्टीने ३० सेंटिमीटर जाडीचं झाड १५ मीटरपर्यंत मोजलं जातं आणि ६० सेंटिमीटरचं ३० मीटरपर्यंत. म्हणजे प्रत्येक झाड आपल्या व्यासाच्या ५० पट अंतरापर्यंतच मोजणीत येतं. जाड झाडासाठी आपण आपोआप मोठं वर्तुळ तपासतो, बारीक झाडासाठी लहान. खोडाच्या छेदाचं त्या वर्तुळाशी प्रमाण दर वेळी एकास दहा हजार येतं, आणि हेक्टरात दहा हजार चौरस मीटर असतात. त्यामुळे मोजलेलं प्रत्येक झाड, जाड असो की बारीक, हेक्टरी एका चौरस मीटरचा वाटा उचलतं. भूमितीचा एक साधा नियम जंगलात नेऊन उभा केला आणि आठवड्याचं काम दुपारवर आलं. अर्थात एका गिरकीवर कुणी विसंबत नाही. जंगलभर ठरवून दिलेल्या अनेक ठिकाणी ती घ्यायची आणि सरासरी काढायची. नमुने किती घ्यायचे, कुठे घ्यायचे आणि आलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे संख्याशास्त्र सांगतं. आज विमानातून लेझरने झाडांची उंची टिपता येते, उपग्रहाची चित्रं मिळतात, संगणकावर थरावर थर ठेवून नकाशे करता येतात, आणि हे सगळं शिकवतातही. तरी त्या आकड्यांची खातरजमा करायला शेवटी कुणीतरी टेप घेऊन खोडापाशी जावंच लागतं.

ज्याचं फळ आपण बघणार नाही, तो निर्णय

मोजून झालं की करायचं काय, हे वनसंवर्धन शिकवतं. इथे काळाचा हिशोब डोकं फिरवणारा आहे. थंड प्रदेशातल्या एखाद्या रोपवनात हेक्टरी दोन-अडीच हजार रोपं लावतात आणि अखेरच्या तोडणीला त्यातली काहीशेच उरतात. मधली कुठे जातात? काही दाटीत आपोआप मरतात, बाकीची विरळणीत, म्हणजे दाटी कमी करायला केलेल्या तोडणीत, काढली जातात. कुठलं काढायचं आणि कुठलं ठेवायचं हे खडूने किंवा रंगाने खोडावर खूण करून ठरवतात, आणि मुलांकडून ते करून घेतात. शेजारच्या झाडाचा उजेड अडवणारं वाकडं झाड काढावं हे सहज पटतं. पण दोन सरळ, निरोगी झाडांतलं एक निवडायची वेळ आली की हात थबकतो. एक काढलं नाही तर दोन्ही रोडावतील, हे वहीत लिहिणं सोपं असतं.

जंगलाची पुढची पिढी कशी उभी करायची याच्याही अनेक रीती आहेत. सगळं एकदम तोडून नव्याने लावायचं, की काही जुनी झाडं बियांसाठी आणि सावलीसाठी ठेवून टप्प्याटप्प्याने तोडायचं, की इथे एक तिथे एक असं निवडून काढत राहायचं. उघड्या उन्हात उगवणाऱ्या जातींना पहिली रीत मानवते, सावलीत तग धरणाऱ्यांना तिसरी. झाडाचा स्वभाव आधी आणि आपली सोय नंतर, असं चांगले शिक्षक पुन्हा पुन्हा सांगतात.

चुकीची किंमत किती उशिरा कळते, हे जर्मनीच्या हार्झ डोंगररांगांत दिसलं. खाणींना लाकूड हवं म्हणून तिथे मूळच्या पानझडी जंगलाच्या जागी मोठ्या प्रमाणावर स्प्रूसची लागवड होत गेली. सरळ वाढणारं, लवकर तयार होणारं झाड. २०१८पासून लागोपाठ कोरडी वर्षं आली. तहानलेल्या स्प्रूसला पुरेसा चीक सोडता येईना. सालीखाली शिरणाऱ्या भुंगेऱ्याला झाड याच चिकाने बाहेर ढकलतं. भुंगेरे माजले आणि डोंगरच्या डोंगर राखाडी झाले. ज्यांनी ती लागवड ठरवली ते कधीच गेलेले होते, आणि त्यांच्या काळाच्या गरजेप्रमाणे ते मूर्खही नव्हते. एकाच जातीवर, एकाच वयाच्या झाडांवर सगळा भार टाकू नये हा धडा आज पुस्तकात आहे, कारण असे डोंगर आधी मेले.

आणि या जागी पदवीचे दोन्ही अर्धे एकमेकांना भेटतात. हार्झ म्हणजे भटक्यांचा आवडता मुलूख. तिथे येणाऱ्या माणसाला दिसतात नुसती वाळकी खोडं. राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या भागात ती तशीच राहू देतात, कारण मेलेलं लाकूड बुरशीला, किड्यांना, सुतारपक्ष्याला आणि नव्या रोपाला हवं असतं. पण वाटेकाठचं वाळकं खोड कुणाच्या अंगावर पडू शकतं. ते पाडावं लागतं. का ठेवलं आणि का पाडलं, हे दोन्ही फिरायला आलेल्या कुटुंबाला चार ओळींत पटेल असं सांगावं लागतं. ज्याला फक्त भुंगेरा कळतो त्याला हे जमत नाही, आणि ज्याला फक्त पर्यटन कळतं त्यालाही नाही.

धोकादायक झाडांबद्दलचा एक विचार मला फार शहाणा वाटतो. धोका दोन गोष्टींनी बनतो: झाड पडण्याची शक्यता, आणि ते पडेल तिथे कुणीतरी असण्याची शक्यता. रानात आत उभं असलेलं पोकळ झाड हा धोका नसतो. तेच झाड बाकावर झुकलेलं असलं की होतो. मग झाड पाडायच्या आधी विचारायचं, बाक हलवता येईल का?

पाऊल पडलं की काय होतं

आता माणसांकडे. निसर्गात गर्दी वाढली की निसर्ग त्या मानाने बिघडतो, असं आपण धरून चालतो. माणसं दुप्पट तर नुकसान दुप्पट. प्रत्यक्षात असं होत नाही, आणि ते तपासायला अगदी साधा प्रयोग आहे. डेव्हिड कोल आणि नील बेफील्ड यांनी १९९३ मध्ये त्याची एकसारखी पद्धत ठरवून दिली. अर्धा मीटर रुंद आणि दीड मीटर लांब अशा पट्ट्या आखायच्या. एका पट्टीवर कुणीच चालायचं नाही. बाकीच्यांवर ठरावीक वेळा चालायचं: २५, ७५, २००, ५०० फेऱ्या. मग किती हिरवळ उरली ते मोजायचं, आणि वर्षभराने परत येऊन किती सावरली तेही.

असे प्रयोग अनेक देशांत, अनेक प्रकारच्या झाडोऱ्यावर झाले. बहुतेक ठिकाणी दिसतं असं, की सुरुवातीच्या फेऱ्या सगळ्यांत जास्त नुकसान करतात. सावलीतली रुंद पानांची नाजूक रोपं थोडक्या फेऱ्यांत झोपतात, गवत बरंच सोसतं. पुढे मात्र मोडायला फारसं काही उरलेलं नसतं, त्यामुळे पाचशेव्या पावलाने होणारं जादा नुकसान नगण्य असतं.

यातून निघणारा सल्ला सहजबुद्धीच्या उलट आहे. जिथे आधीच वाट पडलेली आहे, जमीन उघडी झालेली आहे, तिथे माणसं तिथेच ठेवावीत. ‘गर्दी विभागू या’ म्हणून त्यांना आजूबाजूला पांगवलं, तर प्रत्येक नव्या जागी ती पहिली, सर्वांत महागडी पावलं पडतात. तंबू ठोकायचा तर रुळलेल्या जागीच ठोकावा. चिखल असला तरी वाटेच्या मधूनच जावं, कडेने गेलं की वाट रुंदावते. याउलट जिथे माणसाचं पाऊल जवळपास पडतच नाही अशा अगदी निबिड भागात मोजकी मंडळी जाणार असतील, तर त्यांनी एका रांगेत न चालता पसरून चालावं, म्हणजे कुठल्याच एका रोपट्यावर वारंवार पाय पडणार नाही. जागा कुठली आहे ते पाहून नियम बदलतो.

वाटेचा खरा शत्रू मात्र पाऊल नव्हे, पाणी. डोंगराच्या थेट उताराला धरून सरळ खाली जाणारी वाट पहिल्याच पावसात ओढा होते. पाणी वाटेत शिरतं, माती घेऊन जातं, घळ पडते, दगड उघडे होतात, माणसं कडेने चालू लागतात, आणि एकाच्या चार वाटा होतात. म्हणून वाट आखताना एक ठोकताळा वापरतात: वाटेचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा. उतार १६ टक्के, म्हणजे शंभर मीटरांत १६ मीटर, असेल तर वाट ८ टक्क्यांपर्यंत. शिवाय एकूण सरासरी चढ साधारण १० टक्क्यांच्या आत. वाट बाहेरच्या अंगाला किंचित कलती ठेवायची आणि मधूनमधून थोडी खाली उतरवून परत वर न्यायची, म्हणजे पाणी तिच्यावरून धावत न जाता आडवं निघून जातं. चांगली बांधलेली वाट चालणाऱ्याला बांधल्यासारखी वाटतच नाही. कुदळ-फावडं घेऊन असा शंभर मीटरचा तुकडा एकदा तरी स्वतः करावा, कारण ते फळ्यावर शिकून येत नाही.

किती माणसं चालतील?

वर्तमानपत्रवाल्यांपासून मंत्र्यांपर्यंत सगळे हाच प्रश्न विचारतात. एखाद्या कुरणावर किती गुरं पोसतील, हा हिशोब वनशास्त्राला जुना. तोच माणसांना लावता येईल, असं १९६०च्या दशकात वाटलं. जे. अॅलन वेगर या अमेरिकन संशोधकाने १९६४ मध्ये त्यावर लिहिलं, आणि त्यातून अडचण पुढे आली. कुरणाला सोसण्याची मर्यादा असते, पण माणसांच्या बाबतीत ती मर्यादा आपल्याला काय हवंय यावर ठरते. त्याच धबधब्यावर एखाद्याला एकांत हवा असतो, तर दुसऱ्याला पन्नास जणांसोबत भिजायचं असतं. जमीन या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

मग अमेरिकेच्या वनसेवेतल्या संशोधकांनी १९८५ मध्ये प्रश्नच फिरवला. किती माणसं, हे विचारू नका. किती बदल आपल्याला चालेल, हे विचारा. आधी ठरवा की ही जागा कशासाठी आहे. मग मोजता येईल अशी एखादी खूण धरा: तंबू ठोकायच्या जागी किती चौरस मीटर जमीन उघडी पडली, दिवसभराच्या चालीत दुसरे किती गट भेटले. त्या खुणेची मर्यादा लिहून ठेवा, दरवर्षी मोजा, आणि मर्यादा ओलांडायच्या बेताला आली की हस्तक्षेप करा. ही रीत मला आवडते, कारण तिच्यात पसंती-नापसंती उघडपणे कागदावर येते आणि तिच्यावर भांडता येतं. आकड्याच्या आड ती लपत नाही.

हस्तक्षेपाच्याही पायऱ्या आहेत. अमेरिकेच्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या हाफ डोम या उभ्या कातळावर लोखंडी दोरांना धरून चढायला इतकी रीघ लागायची, की वादळ आलं तर उतरणंही मुश्कील. २०१०मध्ये शुक्रवार ते रविवार आणि सुटीच्या दिवशी, आणि २०११पासून रोजच परवाना लागू लागला. दिवसाला साधारण ३०० माणसं. अमेरिकेतल्याच झायन उद्यानातल्या एंजल्स लँडिंगच्या अरुंद धारेवर जायला १ एप्रिल २०२२पासून सोडतीत नंबर लागावा लागतो. हे शेवटचे उपाय. त्याआधी बस, पार्किंगची जागा, माहितीफलक, वाटेचं वळण असे सौम्य उपाय करून पाहतात. पण सौम्य उपायांनाही गाठी असतात. पार्किंग लहान असलं की गर्दीवर नकळत लगाम राहतो. बस सुरू केली की तो लगाम सुटतो, आणि रस्त्यावरची कोंडी वाटेवर जाते.

फलकाची गोष्ट तर प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितली जाते. अॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानातून लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चिआल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटांवर खूण केलेले तुकडे ठेवून वेगवेगळे फलक लावले. ‘आजवर खूप जणांनी लाकूड नेलं आणि त्यामुळे उद्यानाचं रूप बदललं’ असा फलक होता तिथे जवळपास ८ टक्के तुकडे गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ अशा फलकापाशी २ टक्क्यांहून कमी. सगळेच नेतात हे कळलं की माणूसही नेतो. चांगल्या हेतूने लिहिलेल्या सूचनेने चोरी वाढवली, आणि मोजलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

मोजण्यातही फसगत असते. फिरायला आलेल्यांना विचारलं तर बहुतेक जण समाधानी असतात, गर्दी कितीही असो. कारण ज्यांना ती गर्दी खपली नाही ते यायचेच बंद झालेले असतात. ते दुसऱ्या डोंगरावर गेले, किंवा घरी बसले. दारात उभं राहून केलेल्या पाहणीत ते कधीच सापडत नाहीत. तसंच वाटेवर पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्यात त्रास बहुधा एकतर्फी असतो: सायकलवाल्याला चालणाऱ्याचं फारसं काही वाटत नाही, चालणाऱ्याला मात्र मागून येणाऱ्या सायकलची धास्ती वाटते. सर्वेक्षणाची प्रश्नावली करताना हे माहीत हवं.

कायद्याबद्दल थोडक्यात. तो देशागणिक इतका बदलतो, की एका ठिकाणचं ज्ञान दुसरीकडे जसंच्या तसं चालत नाही. नॉर्वेच्या १९५७च्या कायद्यानुसार खासगी मालकीच्या रानातूनही कुणालाही चालत जाता येतं. स्कॉटलंडने तसा हक्क २००३ मध्ये लिहून दिला. अमेरिकेत मात्र खासगी रानात विनापरवानगी पाऊल टाकणं हा गुन्हा ठरू शकतो. जिथे कुणी कुठूनही येऊ शकतो तिथे दारावर मोजणी करून भागत नाही, लोकांच्या सवयी घडवाव्या लागतात. त्यामुळे ज्या देशात काम करायचं, तिथला कायदा शिकवणारं विद्यापीठ निवडणं बरं.

प्रवेश घेण्याआधी

ही पदवी घेतलेली माणसं सरकारी वनखात्यांत, राष्ट्रीय उद्यानांत, लाकूड कंपन्यांत, नगरपालिकांच्या उद्यान विभागांत, निसर्गशिक्षण केंद्रांत आणि संवर्धन संस्थांत काम करतात. सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा हंगामी असतात, राहणं दूर आणि पगार माफक. वर चढाल तसं टेबलावरचं काम वाढतं: आराखडे, निविदा, सुनावण्या, गावकऱ्यांच्या बैठका. ज्याला माणसांपासून लांब पळायचं म्हणून जंगल हवंय, त्याचा इथे हिरमोड होईल. बैठकीत चिडलेल्या माणसाचं पूर्ण ऐकून घेणं, हे या कामातलं रोजचं कौशल्य आहे.

विद्यापीठ पाहताना माहितीपत्रकातल्या धबधब्याच्या फोटोवर जाऊ नका. विद्यापीठाचं स्वतःचं प्रात्यक्षिक वन आहे का, आणि त्यात विद्यार्थी खरंच खुणा करतात, तोडणी बघतात, वाटा दुरुस्त करतात का, हे विचारा. उन्हाळ्यातला क्षेत्रशिबिराचा काळ सक्तीचा आहे की ऐच्छिक? संख्याशास्त्र आणि नकाशाशास्त्र किती सत्रं आहे? मनोरंजन-व्यवस्थापन हा पूर्ण घटक आहे की शेवटच्या वर्षाला चिकटवलेला एखादा पेपर? आणि शक्य असेल तर मागच्या तुकडीने शेवटच्या वर्षी केलेला एखाद्या खऱ्या वनाचा आराखडा बघायला मागा. बहुतेक ठिकाणी तसा प्रकल्प असतो. त्यातला नकाशा उघडा आणि विरळणीचे पट्टे, जुनी राखून ठेवलेली झाडं, पाणवठे आणि पायवाटा हे सगळं एकाच नकाशावर आहे का ते तपासा. तोडणीच्या वर्षी कुठली वाट बंद राहणार आणि लोकांना पर्याय कोणता देणार, हे त्यात लिहिलेलं असेल, तर तिथे अर्ज करायला हरकत नाही.